नाव कमी

मराठी माणूस शब्दांच्या बाबतीत मोठा भिडस्त. दिवा विझवला असे म्हणणे त्याच्या जिवावर येते. तो दिवा 'वाढवतो'. रात्री दुकान बंद करताना तो दुकान वाढवतो, बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतो, आणि डब्यातले तांदूळ संपले तरी स्वयंपाकघरातून आवाज येतो तो 'तांदूळ वाढलेत हं!' असाच. घराबाहेर पडणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे तर आपल्याला पाटी-पेन्सिल हाती येण्याआधीच शिकवलेले असते. शेवटाला शेवट म्हणायचे नाही, हा आपल्या भाषेचा जुना रिवाज.

या रिवाजाला एकच जागा अपवाद असावी. ती म्हणजे शाळा-कॉलेजची कचेरी. एखादा विद्यार्थी शिक्षण सोडून गेला की तिथला कारकून भिडेत पडत नाही. तो हजेरीपटावर त्या नावावरून तांबड्या शाईने एक रेघ ओढतो आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहितो : 'नाव कमी'.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्द चाळवत बसणे हा माझा धंदाच. पण गेल्या वीस वर्षांत या दोन शब्दांइतका मला कोणत्याही शब्दांनी छळले नसेल. कमी झाले म्हणजे काय झाले? कुणाचे कमी झाले? आणि ते कमी झाल्याचे कुणाला जाणवले?

कॉलेजच्या आयुष्यात समारंभ पुष्कळ. जूनमध्ये प्रवेशाची झुंबड उडते; फाटकावर कमानी लागतात, नव्या विद्यार्थ्यांना गुलाबाचे फूल मिळते, आईवडिलांसह फोटो निघतात. तीन-चार वर्षांनी पदवीदानाचा सोहळा होतो; झगे येतात, टोप्या येतात, पुन्हा फोटो निघतात. या दोन फोटोंच्या मधल्या वाटेवर जे गळाले त्यांचा फोटो कोणी काढत नाही. त्यांना निरोप देण्याचा समारंभ नाही, त्यांच्यासाठी भाषण नाही, चहासुद्धा नाही.

मी सध्या ज्या विद्यापीठात शिकवतो ते स्वयंअर्थसहाय्यित आहे. सरळ भाषेत सांगायचे तर ते खाजगी आहे, आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालते. तिथे कॉमर्सची, विज्ञानाची, संगणकाची मुले दोन क्रेडिटांपुरती माझ्याकडे मराठी शिकायला येतात. हजेरी मोबाइलवर लागते, तेव्हा तांबड्या शाईची ती रेघही आता उरलेली नाही. गेलेल्या मुलाचे नाव पडद्यावर नुसते फिकट होते आणि पुढच्या सत्रात दिसेनासे होते. साठांची यादी चोपन्नांची होते. रोल नंबरसुद्धा नव्याने लावले जातात, त्यामुळे मधली रिकामी जागाही दिसत नाही. जुन्या हजेरीपटात निदान त्या रेघेखाली नाव वाचता येत असे!

मध्यंतरी आमच्याकडे या विषयावर एक बैठक झाली. इंग्रजीत तिला 'रिटेन्शन'ची बैठक म्हणतात. मी मराठीचा म्हणून अध्यक्षांनी मला विचारले, ''याला मराठीत काय म्हणायचे हो?'' मी म्हटले, ''रिटेन्शनला नेमका शब्द नाही. पण ते नसते तेव्हा जे होते त्याला शब्द आहे. गळती.'' सगळे हसले, शब्द इतिवृत्तात गेला आणि पुढचा विषय निघाला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. कारण मराठीत गळती दोन प्रकारची असते. आंब्याचा मोहोर गळतो, तीही गळती. आणि पावसाळ्यात छप्पर गळते, तीही गळतीच. मोहोर गळणारच. झाडावर येईल तेवढ्या मोहोराचे आंबे झाले तर फांद्या मोडतील. तिथे कुणाचा दोष नाही. छप्पर गळते तेव्हा मात्र शिडी लावून वर चढावे लागते आणि कोणते कौल फुटले ते शोधावे लागते. मुले कॉलेज सोडतात ही गळती यांतली कोणती? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून आहे. कारण मोहोराची म्हटली की आपण झाडाखाली स्वस्थ बसायला मोकळे!

आणि बसण्याची सोय आकड्यांनी उत्तम करून ठेवली आहे. दरवर्षी निकालाच्या दिवशी कॉलेजांच्या फाटकावर फलक झळकतो : 'निकाल ९५ टक्के.' वाचकहो, हे पंचाण्णव टक्के कशाचे असतात ते जरा पाहा. समजा, पहिल्या वर्षाला साठ मुले आली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला त्यांतली चाळीस बसली आणि अडतीस उत्तीर्ण झाली. चाळिसांत अडतीस म्हणजे पंचाण्णव टक्के. हिशेबात कुठेही खोट नाही. पण आलेल्या साठांतून पार पडलेले अडतीस धरले तर त्रेसष्ट टक्के होतात. त्रेसष्टाचा फलक मी आजवर कोणत्याही फाटकावर पाहिला नाही. परीक्षेला न बसलेला मुलगा नापासही होत नाही. तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. नापास होणे हेसुद्धा एका अर्थी भाग्यच म्हणायचे. निदान तुमची गणती तरी होते!

केंद्र सरकार २०१६ पासून शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर करते. तिच्या मोजमापात एक रकाना आहे : नेमून दिलेल्या मुदतीत किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोचले, आणि तेही मंजूर जागांच्या प्रमाणात. हा रकाना भरायची वेळ आली की भल्याभल्या संस्थांचा चेहरा उतरतो. देशाच्या पाहणीत २०२१-२२ साली उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख नावे होती. अठरा ते तेवीस वयाच्या दर शंभर तरुणांमागे हे प्रमाण २८.४ पडले. मोठी आनंदाची गोष्ट. पण हे दाराने आत आलेल्यांचे मोजमाप झाले. खिडकीतून कोण निघून गेले, ते या आकड्यावरून कळत नाही.

वर्गात हा विषय काढला की एखादा चलाख मुलगा हमखास माझेच अस्त्र माझ्यावर सोडतो. ''सर, तुम्ही ज्यांचे धडे शिकवता त्यांतल्या कितीजणांनी पदवी घेतली होती?'' प्रश्न बिनतोड असतो. केशवसुतांना मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडले, आणि कॉलेज त्यांच्या वाट्याला आलेच नाही. हरिभाऊ आपटे पदवीपर्यंत पोचले नाहीत. गडकरी फर्ग्युसनमधून पदवी न घेताच बाहेर पडले. खांडेकरांनी फर्ग्युसन अर्ध्यावर सोडले आणि १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर झाले. पुढे १९७४ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. पदवी अर्धवट सोडलेल्या माणसांची पुस्तके वाचून आमची मुले पदव्या घेतात, ही गंमत मी नाकारत नाही. पण या यादीने कुणी फसू नये. नदी पोहून गेलेल्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात, एवढाच तिचा अर्थ. बुडालेल्यांची नावे काठावर कोरून ठेवण्याची पद्धत नाही. आणि खांडेकरांचे उदाहरण देणाऱ्याने हेही पाहावे, की कॉलेज सुटलेला हा तरुण शिरोड्याला जाऊन करत काय होता? दुसऱ्यांची मुले शाळेत बसवत होता!

मग मुले जातात कशी? आपल्याला वाटते, एक दिवस ठरवून जात असतील. तसे क्वचित होते. कॉलेज सुटते ते दात हलून पडावा तसे. आधी सोमवार बुडतो. मग आठवडा बुडतो. मुलगा परत येतो, तो मागच्या बाकावर बसतो आणि वही उघडत नाही. मधले काय झाले ते शेजाऱ्याला विचारायची त्याला लाज वाटते. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात. एटीकेटीच्या जोरावर पुढे जाता येते, पण ओझे वाढते. इंग्रजीतून चाललेला तास डोक्यावरून जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिला आलेला मुलगा इथे प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. तेवढ्यात फीचा दुसरा हप्ता येतो. तेवढ्यात वडिलांचे दुखणे निघते. तेवढ्यात कुणीतरी सांगतो, की दुचाकी असली तर घरोघरी जेवणाचे डबे पोचवून रोजचे रोख पैसे मिळतात. कारण एक नसते; दोन-तीन कारणे एकाच महिन्यात हात धरून येतात. आणि या सगळ्याच्या शेवटी एक क्षुल्लक गोष्ट असते : परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून जाते.

मी पूर्वी ज्या कॉलेजात होतो तिथे एक हेडक्लार्क होते. फॉर्मच्या शेवटच्या दोन दिवसांत ते न भरलेल्यांची यादी हातात घेऊन कँटीन, वाचनालय, सायकलींचा स्टँड असे हिंडत आणि खणखणीत आवाजात नावे पुकारत. ''अहो देशमुख, परीक्षेला बसणार की चहाच पिणार?'' मुले त्यांच्यावर हसत. पण त्या हाकेने किती मुले पदवीपर्यंत पोचली याचा हिशेब कुठल्याही क्रमवारीत सापडायचा नाही. आता फॉर्म संगणकावर भरतात. रात्री बाराच्या ठोक्याला खिडकी आपोआप बंद होते. संगणक बिचारा अगदी निष्पक्षपाती. तो कुणालाच हाक मारत नाही.

तीन-चार वर्षांमागची गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या कॉमर्सच्या वर्गात पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, आणि व्याकरणात माझी परीक्षा पाहण्याची हौस. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ती नेहमीप्रमाणे ''येते हं, सर'' म्हणून गेली आणि सुट्टी संपली तरी आली नाही. पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी फोन केला. फोन वडिलांनी घेतला. माणूस सरळ होता, बोलणे आदबीचे. ते म्हणाले, ''सर, धाकट्याला यंदा इंजिनीअरिंगला घातलंय. दोघांची फी एका पगारात बसत नाही. त्याला बाहेरून जमायचं नाही. ही हुशार आहे. ही बाहेरूनही करील.''

मी फोन ठेवला आणि त्या वाक्यापाशीच अडकून बसलो. ही हुशार आहे, म्हणून हिचे कॉलेज सुटले! ढ असती तर कदाचित राहिली असती. त्या गृहस्थांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण त्यांचा पगार आणि आमची फी शेजारी शेजारी मांडून पाहिली तेव्हा मला ते सोपेपण परवडेना. त्यांच्या घरातले गणित अगदी बरोबर होते. फक्त त्या गणितात नेहमी एकच आकडा वजा होतो, आणि तो बहुधा मुलीचा असतो, एवढेच.

तिने पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातले. दिवसा एका दुकानाचे हिशेब लिहिते, रविवारी अभ्यास करते. मधूनमधून तिचा निरोप येतो. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत. आमच्या दप्तरी ती गळती आहे. १९८९ साली निघालेल्या त्या विद्यापीठाच्या दप्तरी ती विद्यार्थिनी आहे. दोन्ही नोंदी खऱ्या. पण तीन वर्षांचे शिक्षण पाच-सहा वर्षांचे झाले, आणि भर दिवसा वर्गात बसून शिक्षकाला अडवण्याची तिची मौज गेली, ते कोणत्याच दप्तरात नाही.

अशा वेळी मला मागचे दिवस आठवतात. माझे नव्हे, महाराष्ट्राचे. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ साली झाली. उत्तीर्ण किती? चार. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रामकृष्णपंत भांडारकर होते. पुढे १९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, तेव्हा त्याचे पहिले कुलपती हेच डॉक्टर भांडारकर झाले. आज खाजगी विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात; पण अण्णांचे ते विद्यापीठही खाजगीच होते. सरकारची मान्यता नाही, अनुदान नाही, आणि पहिल्या वर्षी विद्यार्थिनी पाच! एक जरी सोडून गेली असती तरी गळती वीस टक्के झाली असती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला मिळाले. कायद्याची मान्यता यायला १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे पस्तीस वर्षे तिथली 'गृहीतागमा' ही पदवी घेणाऱ्या मुलींच्या पदवीवर सरकारी शिक्का नव्हता. तरी त्या शिकल्या. पाच मुलींच्या विद्यापीठात कुणाचे नाव परस्पर कमी होऊ शकत नाही. सकाळी एक आली नाही तर दुपारपर्यंत सर्वांना ठाऊक!

शिक्षण तुटणे म्हणजे काय हे अण्णांना पुरते ठाऊक होते. मुरुडहून सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायपीट करत ते परीक्षेसाठी साताऱ्याला गेले, आणि तिथे त्यांना सांगण्यात आले, की तू वयाने लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. तसेच परत यावे लागले. मॅट्रिक होईपर्यंत तेविसावे वर्ष उजाडले, बी.ए. झाले ते १८८४ साली. आजच्या मोजमापात 'नेमून दिलेल्या मुदतीत' या रकान्यात महर्षी कर्वे बसले असते की नाही कोण जाणे!

त्या काळी गरीब मुलाला शिक्षणात टिकवून धरण्याची एक घरगुती व्यवस्था होती. वार लावून जेवण्याची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तीत लाचारी होती, अपमान होते, आणि ती ठराविक जातींच्याच मुलांपुरती होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती. मुलगा मंगळवारी आला नाही, की मंगळवारच्या घरी त्याचे पान रिकामे राही, आणि कुणीतरी विचारी, ''आज तो आला कसा नाही?'' कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा या व्यवस्थेतले उपकार आणि जात त्यांनी काढून टाकली आणि ते विचारणे तेवढे ठेवले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. पुढे १९४७ साली साताऱ्याचे शिवाजी कॉलेज निघाले, तिथे 'कमवा आणि शिका' आले. फी नाही म्हणून मुलगा जातो, तर त्याला काम द्या. पण जाऊ देऊ नका. छप्पर गळते हे ज्याला कळले तो असा शिडी लावतो. आणि हे करणारे भाऊराव स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते!

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने मधूनच बाहेर पडणाऱ्यांचा विचार केला आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. एका वर्षानंतर गेलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. मिळवलेली क्रेडिटे एका पेढीत जमा राहतात आणि पुढे परत येऊन तिथून पुढचे शिकता येते. हे चांगलेच झाले. गेलेले वर्ष मातीत जात नाही, आणि परतीचा दरवाजा उघडा राहतो. भीती एवढीच वाटते, की बाहेरचा दरवाजा रंगवून ठेवला म्हणजे जाणाऱ्याला 'का जातोस?' विचारायची गरज उरली नाही, असे संस्थांना वाटू नये. क्रेडिटे पेढीत सुरक्षित राहतील. माणूस कुठे ठेवायचा?

हे मी दिवाळी अंकात का लिहितो आहे, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे. मुले जातात ती बहुधा याच सुट्टीत. जूनमध्ये उत्साह असतो, कर्जाऊ का होईना पैसा असतो. दिवाळीत हिशेब होतात : निकाल हाती आलेला असतो, पुढच्या सत्राची फी डोळ्यांपुढे असते, घरातली वडीलधारी माणसे एकत्र जमलेली असतात. फराळाचे ताट पुढे ठेवून घराघरांत कुणाचे शिक्षण चालू ठेवायचे आणि कुणाचे थांबवायचे याचे निर्णय होतात. तुमच्या घरी तशी वेळ नसेल. पण तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या घरी असेल, वॉचमनच्या घरी असेल, गावाकडच्या चुलतभावाच्या घरी असेल. करंजीचा डबा देताना त्यांच्या मुलांना 'कितवीला आहेस?' असे आपण सगळेच विचारतो. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : ''पुढच्या सत्राची फी भरलीस का? फॉर्म भरलास का?'' प्रश्न छोटा आहे, आणि त्याचे उत्तर कधीकधी आपल्या खिशाला थोडे जड जाईल. तेवढे जाऊ द्यावे.

माझ्यापुरते म्हणाल, तर मोबाइलवर हजेरी लागत असली तरी सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी जूनची जुनी यादी कागदावर घेऊन वर्गात जातो आणि साठच्या साठ नावे मोठ्याने वाचतो. मुलांना हा म्हाताऱ्या मास्तरांचा चाळा वाटतो. एखाद्या नावाला उत्तर येत नाही, तेव्हा मी पुढे सरकत नाही. विचारतो, ''याच्या गावचे कोण आहे इथे?'' थोडी चुळबूळ होते आणि मागून कुणीतरी हात वर करते. मग तास संपल्यावर त्या दोघांच्या गावचा फोन लावायचा.